एका मण्याची माळ होत नाही : निअँडरथल मानव आणि प्रतीकात्मक वर्तनाची सुरुवात

विचारलेला प्रश्न असा आहे : प्रतीकांचा वापर ही केवळ आपल्या, म्हणजे होमो सेपियन्सच्या, बुद्धीची मिरासदारी आहे काय, की निअँडरथल मानवही, म्हणजे युरोप आणि पश्चिम आशियात राहिलेला, आज नामशेष झालेला आपला जवळचा नातलग, स्वतःच्या बळावर तिथवर पोहोचला होता? आणि हे वर्तन सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी युरोपात एकाएकी प्रकटले असे जे पूर्वी शिकवले जात असे, ते अजूनही ग्राह्य धरायचे काय? प्रश्नकर्त्याने शेवटी भारतातील पुराव्याविषयीही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. एकाएकी प्रकटल्याची कल्पना आता टिकत नाही. निअँडरथल मानवाचे काही वर्तन प्रतीकात्मक होते असे मानण्याइतका पुरावा आज हाती आहे. मात्र ज्या शोधांचा सर्वाधिक गाजावाजा झाला त्यांच्यापेक्षा, ज्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही अशा साध्या वस्तूंमध्ये तो अधिक भक्कम आहे. शिंपले, हाडे आणि दगड यांच्यावरील झीज व ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि त्या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. एकटी वस्तू, ती कितीही विलक्षण असली तरी, प्रतीक होती की नव्हती हे सांगू शकत नाही. तीच निवड, तीच कृती पुन्हा पुन्हा झालेली दिसली, तरच त्यामागे एकाहून अधिक माणसांना ठाऊक असलेला संकेत होता असे म्हणता येते.

असे का, हे एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. काळे मणी ओवलेला सर पाहिला की आपल्याला काही सांगावे लागत नाही. पण तो अर्थ मण्यांच्या काचेत नसतो, तो पाहणाऱ्या सगळ्यांच्या मनात असतो. उद्या ती माणसे आणि त्यांची भाषा दोन्ही नाहीशी झाली, तर उत्खनन करणाऱ्याच्या हाती भोके असलेले काळे मणी तेवढे येतील. अशा वेळी त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो : हे मणी सर्वत्र काळेच का आहेत, ते याच रीतीने का ओवले आहेत आणि घरोघरी का सापडतात, हे विचारणे. जुन्या पुराश्मयुगातील वस्तूंच्या बाबतीत आम्ही नेमके हेच करतो, आणि याहून अधिक काही करता येते असा दावा कोणी करू नये.

या शोधात पहिला अडथळा निसर्गाचा असतो. कोकणच्या कोणत्याही किनाऱ्यावर थोडा वेळ वाकून शोधले, तर यंत्राने पाडावे तसे गोल भोक असलेले शिंपले मिळतात. ती भोके मांसाहारी गोगलगायी पाडतात. कवच पोखरून त्या आतला मऊ जीव खातात. भिंगाखाली पाहिले, तर अशा भोकाची कड बाहेरून आत उतरती आणि वाटीसारखी गुळगुळीत असते. लाटांनी घासून पडलेले भोक वेगळे दिसते आणि हाडाच्या टोकाने आतून दाब देऊन पाडलेले आणखी वेगळे. स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे गुहेत १९९५ साली सापडलेल्या, भोके असलेल्या अस्वलाच्या मांडीच्या हाडाला काहींनी निअँडरथलची बासरी म्हटले. ती भोके मांसभक्षक प्राण्याच्या सुळ्यांची आहेत असे दुसरा पक्ष म्हणतो, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते, तसे दुसरे हाड सापडेपर्यंत तो मिटण्याची शक्यताही नाही.

दुसरा अडथळा उपयुक्ततेचा. लाल गेरू सापडला म्हणजे शरीर रंगवले, असे अनुमान फार झटपट काढले जाते. पण गेरूची पूड झाडाच्या डिंकात मिसळली, तर दगडी पाते दांड्याला बसवण्यासाठी चांगले सरस तयार होते. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेच्या अभ्यासात लिन वॅडली यांनी हे प्रयोगांनी दाखवले. कातडे कमावण्यासाठी आणि उन्हापासून त्वचा राखण्यासाठीही गेरू चालतो. फ्रान्समधील पेश-दे-लाझे येथील निअँडरथल मानवाने काळ्या मँगनीज डायॉक्साइडचे खडे गोळा केले होते आणि ते घासलेलेही आहेत; वर्षानुवर्षे त्यांना रंग समजले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले की या पदार्थाची पूड लाकडाच्या भुशावर टाकली, तर लाकूड पेटण्याचे तापमान सुमारे ३५० अंशांवरून २५० अंश सेल्सियसपर्यंत उतरते. म्हणजे तो रंग असेलही, परंतु तो आग पेटवण्याचे साधन असण्याची शक्यता तितकीच, किंबहुना अधिक आहे. म्हणूनच नेदरलँड्समधील मास्त्रिख्त-बेल्व्हेडेर येथील दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचे लाल गेरूचे ठिपके मला मोलाचे वाटतात, पण प्रतीकाचा पुरावा म्हणून मी ते पुढे करणार नाही.

आता ज्या स्थळावर मी सर्वाधिक भिस्त ठेवतो त्याकडे वळतो. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्लॉम्बोस गुहेत क्रिस्टोफर हेनशिलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननातून २००२ साली जाळीदार रेषा कोरलेले गेरूचे तुकडे प्रकाशात आले. त्यांचे वय सुमारे ७५,००० वर्षे आहे. २०११ मध्ये त्याच गुहेतील सुमारे १,००,००० वर्षे जुनी रंग बनवण्याची सामग्री जाहीर झाली. मोठ्या सागरी शिंपल्यांत गेरूची पूड, ठेचलेले हाड आणि कोळसा यांचे मिश्रण होते आणि शेजारी घासण्याचे दगड होते. २०१८ मध्ये दगडाच्या एका चिपेवर गेरूच्या कांडीने काढलेल्या नऊ रेषा, सहा एका दिशेने आणि तीन त्यांना छेदणाऱ्या, सुमारे ७३,००० वर्षांपूर्वीच्या म्हणून प्रसिद्ध झाल्या आणि त्यांची छायाचित्रे जगभर फिरली.

माझ्या दृष्टीने मात्र ब्लॉम्बोसचा कळीचा पुरावा रेषांचा नसून तिथल्या बारीक शंखांचा आहे. नखाएवढ्या आकाराचे हे शंख नासारियस प्रजातीचे असून त्यात खाण्याजोगे काही नसते. ते खाडीत राहतात आणि गुहेपासून सर्वांत जवळची खाडी सुमारे २० किलोमीटरवर आहे. म्हणजे कोणीतरी ते मुद्दाम वेचून आणले. २००४ साली अशा ४१ शंखांची माहिती प्रसिद्ध झाली. भोक जवळपास एकाच ठिकाणी, शंखाच्या तोंडातून टोकदार साधन आत घालून आतून बाहेर पाडलेले. भोकाची कड आणि तोंडाचा ओठ दोऱ्याने घासून गुळगुळीत आणि चपटा झालेला. काहींच्या आतल्या बाजूला गेरूचे कण, बहुधा रंगवलेल्या त्वचेवरून किंवा दोऱ्यावरून लागलेले. यापुढची तपासणी तर अधिक बोलकी आहे. मारियान व्हानहेरेन, फ्रान्सेस्को द'एरिको आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक शंखावरची झिलई नेमकी कोठे आहे याची नोंद केली आणि नव्या शंखांवर निरनिराळ्या रीतीने दोरा ओवून झीज निर्माण करून पाहिली. त्यातून दिसले की खालच्या, जुन्या थरांत शंख दोऱ्यावर सुटे लोंबत असत आणि त्यांच्या चपट्या, चकचकीत बाजू एकमेकींना टेकलेल्या असत. वरच्या दोन थरांत मात्र ते दोन-दोन करून गाठीने बांधलेले, चकचकीत बाजू वर ठेवून.

या तपशिलावर मी थोडे रेंगाळतो, कारण संपूर्ण चर्चेत इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. शंख तेच राहिले, पण ओवण्याची रीत बदलली. आणि बदललेली रीत त्या थरातल्या सगळ्या शंखांवर सारखीच आहे. ही रीत एका माणसाची लहर असती, तर एकाच थरात चार तऱ्हा दिसल्या असत्या. इथे एका पिढीची पद्धत आणि नंतरच्या पिढीची पद्धत दिसते. कोणता अर्थ त्या माळेला होता हे आपल्याला कधीच कळणार नाही, पण तिचा योग्य आणि अयोग्य प्रकार त्या माणसांना ठाऊक होता हे कळते. माझ्या लेखी प्रतीकात्मक वर्तनाची हीच खूण आहे.

असे मणी फक्त ब्लॉम्बोसला असते, तरी शंका घेता आली असती. मोरोक्कोतील एसाविरा शहराजवळच्या बिझमून गुहेत याच जातकुळीचे ३३ मणी मिळाले असून ते सुमारे १,४२,००० ते १,५०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. ती माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच देशातील ताफोराल्टची गुहा आणि इस्रायलमधील स्खूल येथेही ते आहेत. आफ्रिकेच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, इतक्या दीर्घ काळात, एकाच प्रकारचा शंख निवडला जातो आणि तो ओवला जातो, ही गोष्ट योगायोगाची नाही. दक्षिण आफ्रिकेतीलच डीपक्लूफ येथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे सुमारे २७० कोरीव तुकडे मिळाले आहेत, वय सुमारे ६०,००० वर्षे. त्यांवरील नक्षीचे प्रकार मोजकेच आहेत आणि जुन्या थरांतील प्रकार पुढे मागे पडून नवा प्रकार रूढ होतो. पुन्हा तेच : रूढी आणि तिच्यातला बदल.

यामुळेच 'मानवी क्रांती'ची जुनी मांडणी मागे पडली. साधारण ५०,००० वर्षांपूर्वी मेंदूशी संबंधित एखादा जनुकीय बदल होऊन आधुनिक बुद्धी जन्मली, असे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड क्लाइन यांचे प्रतिपादन होते. सॅली मॅकब्रेर्टी आणि अ‍ॅलिसन ब्रूक्स यांनी २००० साली आफ्रिकेतील पुरावा एकत्र मांडून दाखवले की 'आधुनिक' म्हटल्या जाणाऱ्या गोष्टी तेथे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या जागी, हळूहळू जमत गेल्या होत्या. युरोपातील ४०,००० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती मूर्ती आणि गुहाचित्रे अप्रतिम आहेत यात शंका नाही. परंतु युरोपात उत्खनने आधी आणि जास्त झाली, म्हणून तिथेच सुरुवात झाली असे भासले.

निअँडरथल मानवाविषयी बोलताना हाच मापदंड लावायचा, सैल नाही आणि कडकही नाही. माझ्या क्षेत्रातील एक खोड मला खटकते ती इथे नोंदवतो : आफ्रिकेतील गेरूच्या तुकड्यावर ओरखडे दिसले की त्याला कोरीव नक्षी म्हणायचे, आणि तसेच ओरखडे निअँडरथलच्या थरात दिसले की मांस कापताना पडले म्हणायचे. उलट बाजूची खोडही तितकीच घातक आहे. निअँडरथलवर झालेल्या शंभर वर्षांच्या अन्यायाची भरपाई म्हणून प्रत्येक रेघेला कला ठरवणारे अभ्यासकही आहेत. तो अन्याय खरा होता. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ साली मिळालेल्या सांगाड्यावरून मार्सेलँ बूल यांनी निअँडरथलचे वाकलेले, अर्धवट पशूसारखे चित्र रंगवले, आणि ते दशकानुदशके टिकले. पण त्या चित्राचे खंडन पुराव्याने व्हायला हवे, सहानुभूतीने नव्हे.

सहानुभूतीने कसा घोटाळा होतो याचे ठळक उदाहरण म्हणजे इराकी कुर्दिस्तानातील शानिदार गुहा. राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात १९६० साली मिळालेल्या चौथ्या क्रमांकाच्या सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांच्या परागकणांचे पुंजके सापडले आणि प्रेतावर फुले वाहिल्याची कथा जगभर गेली. पुढे लक्षात आणून दिले गेले की त्या परिसरात बिळे करणारे उंदरासारखे प्राणी वनस्पती आत ओढून नेतात. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की त्या पुंजक्यांत वेगवेगळ्या ऋतूंत फुलणाऱ्या वनस्पतींचे पराग एकत्र आहेत, जे जमिनीत घरटी करणाऱ्या एकट्या मधमाश्यांचे काम असण्याचा संभव मोठा आहे. फुले गेली, तरी दफन मात्र गेलेले नाही. त्याच गुहेत एकाच जागी एकापाठोपाठ एक प्रेते ठेवली गेली असे नव्या उत्खननातून दिसते, आणि ला शापेल-ओ-सँ येथील खड्डा मुद्दाम खणलेला होता हे तिथे पुन्हा झालेल्या कामाने बऱ्याच अंशी सिद्ध केले आहे. मृताची काळजी घेतली जात होती, एवढे नक्की म्हणता येते. तेवढ्यावरून परलोकाच्या कल्पनेपर्यंत मी जाणार नाही.

निअँडरथलच्या बाजूने सर्वांत समर्थ पुरावा मला गरुडाच्या नख्यांचा वाटतो. क्रोएशियातील क्रापिना येथे द्रागुतिन गोर्यानोविच-क्रांबर्गर यांनी १८९९ ते १९०५ या काळात उत्खनन केले. तिथे मिळालेल्या पांढऱ्या शेपटीच्या गरुडाच्या आठ नख्या झाग्रेबच्या संग्रहालयात शतकभर पडून होत्या. दावोर्का रादोव्हचिच यांनी त्या नीट पाहिल्या आणि २०१५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय सुमारे १,३०,००० वर्षे, म्हणजे युरोपात आपल्या पूर्वजांची वस्ती होण्याच्या कितीतरी आधीचे. किमान तीन पक्ष्यांच्या या नख्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. त्या खुणांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत आणि नख्यांच्या बाजूंवर एकमेकींना घासल्याची झिलई आहे. गरुडाच्या पायाच्या बोटात मांस नसते. नखी तोडण्याचे खाण्यापिण्याशी नाते जोडता येत नाही आणि तिला हत्यार म्हणून वापरल्याच्या खुणाही नाहीत. त्यात क्रापिना एकटे नाही : फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील अनेक निअँडरथल स्थळी मोठ्या शिकारी पक्ष्यांच्या नख्या अशाच कापून काढलेल्या आढळतात, थेट स्पेनमधील कोव्हा फोराडा येथील सुमारे ४४,००० वर्षांपूर्वीच्या नखीपर्यंत. इटलीतील फुमाने गुहेत गिधाडे, गरुड आणि इतर पक्ष्यांच्या पंखांच्या हाडांवर, जिथे मोठी पिसे रुतलेली असतात नेमक्या तिथे, कापल्याच्या खुणा आहेत. ऐंशी-नव्वद हजार वर्षे, अर्ध्या युरोपात, तसेच शिकारी पक्षी, तोच अवयव, तीच कृती. शंखांच्या बाबतीत मी जो निकष लावला तो इथे लावला, तर नख्यांना नाही म्हणण्यास मला कारण दिसत नाही.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा पुरावा म्हणजे फ्रान्समधील ब्रुनिकेल गुहा. तिथे तोंडापासून ३३६ मीटर आत, जिथे दिवसाचा उजेड पोहोचणे शक्यच नाही, जमिनीवरून वर वाढलेले लवणस्तंभ तोडून, साधारण सारख्या लांबीचे करून, त्यांची दोन कडी रचलेली आहेत. मोठे कडे ६.७ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद. एकूण सुमारे ४०० तुकडे, एकापुढे एक ठेवले तर ११२ मीटर भरतील, आणि वजन दोन टनांहून अधिक. काहींवर आगीने लाल-काळे झालेले भाग आहेत. तोडल्यानंतर त्या तुकड्यांवर पुन्हा चुनखडीचा थर वाढला आणि त्याचे वय काढता आले : सुमारे १,७६,५०० वर्षे. त्या काळी त्या भागात निअँडरथलखेरीज दुसरा कोणी असल्याचा पुरावा नाही. गुहेचा शोध १९९० साली लागला, परंतु २०१६ मध्ये हे वय प्रसिद्ध होईपर्यंत तिचे महत्त्व फार थोड्या लोकांना उमगले होते. ब्रुनिकेल वाचताना आजही मी थक्क होतो. उजेडाची सोय, वाटेची माहिती, तोडणारे आणि वाहणारे हात, आणि काय रचायचे याविषयी सर्वांची सहमती, यांपैकी काहीही नसते तर हे घडले नसते. तरीही ते एकमेव आहे. सामूहिक योजनेचा हा निर्विवाद पुरावा म्हणून मी स्वीकारतो. विधीचा पुरावा म्हणण्यासाठी दुसरे ब्रुनिकेल हवे.

मग स्पेनमधील गुहाचित्रांचे काय? २०१८ साली डर्क हॉफमन आणि सहकाऱ्यांनी उत्तरेतील ला पासिएगा, पश्चिमेतील माल्त्राव्हिएसो आणि दक्षिणेतील आर्दालेस या तीन गुहांतील काही लाल खुणा, शिडीसारखे एक चिन्ह आणि हाताचा ठसा, ६४,००० वर्षांहून जुन्या असल्याचे जाहीर केले. आधुनिक मानव स्पेनमध्ये त्यानंतर सुमारे २०,००० वर्षांनी आला, म्हणजे चित्रे निअँडरथलची, असा निष्कर्ष निघतो. यात सारी मदार कालमापनाच्या पद्धतीवर आहे. चित्रावर पाण्याने चुनखडीचा पापुद्रा साचतो. त्या पाण्यात युरेनियम विरघळून येते, थोरियम मात्र येत नाही. पुढे युरेनियमचा ऱ्हास होऊन पापुद्र्यात थोरियम साठत जाते आणि त्याच्या प्रमाणावरून पापुद्र्याचे, म्हणजे चित्राचे किमान, वय निघते. आक्षेप असा की नंतरच्या पाण्याने पापुद्र्यातले काही युरेनियम धुऊन नेले असेल, तर थोरियमचे प्रमाण कृत्रिमपणे वाढून वय खरे असेल त्याहून जास्त येईल. शिवाय त्याच चिन्हावरील इतर पापुद्र्यांची वये बरीच कमी आली आहेत. हॉफमन यांचे उत्तर असे की पापुद्रे वेगवेगळ्या काळी साचू शकतात, आणि ते तर्काला धरून आहे. आर्दालेसमधील लाल रंग गुहेतल्या नैसर्गिक लोहाचा डाग नसून बाहेरून आणून लावलेला आहे हे २०२१ मधील विश्लेषणाने दाखवले, त्यामुळे निदान तिथली खूण मानवी आहे याविषयी शंका उरत नाही. वयाविषयी मी सावध आहे. दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने तेच वय येईपर्यंत या चित्रांवर निअँडरथलविषयीच्या युक्तिवादाचा डोलारा उभारू नये, असे माझे मत आहे. सुदैवाने तशी गरजही नाही.

कारण अशा शंकेला जागा नसलेल्या खुणा आता मिळाल्या आहेत. फ्रान्समधील ला रोश-कोतार गुहेच्या मऊ भिंतीवर बोटांनी ओढलेल्या रेषांचे आखीव पट्टे आहेत, आणि गुहेचे तोंड नदीच्या व टेकडीच्या गाळाने किमान ५७,००० वर्षांपूर्वी पूर्ण बंद झाले होते. आत फक्त निअँडरथल परंपरेचीच हत्यारे आहेत. जर्मनीतील हार्झ डोंगरातल्या आइनहॉर्नहोले गुहेत प्रचंड सांबरासारख्या, आज नामशेष झालेल्या हरणाच्या पायाचे हाड मिळाले. त्यावर बाणाच्या टोकासारख्या रेषा रांगेने कोरल्या आहेत आणि ते सुमारे ५१,००० वर्षांपूर्वीचे आहे. जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेतील खडकावरची जाळी प्रयोगांनी तपासली गेली. इतक्या खोल रेषा मांस कापताना चुकून पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तेच टोक शेकडो वेळा फिरवावे लागते. या तिन्ही खुणा हेतुपुरस्सर केलेल्या आहेत. त्या एकमेकींसारख्या मात्र नाहीत, आणि माझ्या निकषाने ही त्यांची मर्यादा आहे.

राहिला नक्कल करण्याचा प्रश्न, म्हणजे निअँडरथलने अशा गोष्टी होमो सेपियन्सकडे पाहून उचलल्या काय. फ्रान्समधील आर्सी-सूर-क्यूर येथील ग्रोत दू रेन गुहेत, शातेलपेरोनियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, निअँडरथलच्या अखेरच्या काळातील हत्यारपरंपरेच्या थरात, भोक पाडलेले व खाचा केलेले दातांचे लोलक आणि निअँडरथलची हाडे एकत्र मिळाली. हाडांच्या बारीक तुकड्यांतील प्रथिने तपासून ते निअँडरथलचेच असल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले. पुढे त्याच थरातील एका नवजात बाळाच्या कमरेचे हाड आधुनिक मानवाकडे झुकणारे आहे असे मत पुढे आले, आणि त्याआधी २०२० मध्ये बल्गेरियातील बाचो किरो गुहेत सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीच्या होमो सेपियन्सबरोबर अस्वलाच्या दातांचे तसेच लोलक मिळाले. तेव्हा या उशिराच्या काळात निअँडरथलने आपल्याकडून काही उचलले असणे मला शक्य, किंबहुना स्वाभाविक वाटते. दोन्ही समूहांत संतती झाली, आफ्रिकेबाहेरच्या आपल्या सर्वांच्या जनुकांत सुमारे दोन टक्के अंश त्यांचा आहे. मग लोलकच तेवढे एका बाजूचे कसे राहतील? परंतु क्रापिनाच्या नख्यांना आणि ब्रुनिकेलच्या कड्यांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. तेव्हा नक्कल करायला त्या भागांत दुसरे कोणी असल्याचा पुरावा नाही.

इतके असूनही आफ्रिकेतील पुरावा दाट आणि निअँडरथलचा विरळ का, हा प्रश्न उरतो. अनेकजण लगेच मेंदूकडे वळतात. मी आधी लोकसंख्येकडे पाहीन. सायबेरियातील चागिर्स्काया येथील निअँडरथलच्या जनुकांवरून दिसते की तिथल्या समूहात दहा-वीस माणसेच होती आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया दुसऱ्या समूहातून आलेल्या होत्या. अल्ताई पर्वतातील एका स्त्रीचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातेवाईक होते. इतक्या लहान आणि विखुरलेल्या समूहात एखादी रीत निर्माण झाली, तरी ती जाणणारी चार माणसे एका हिवाळ्यात गेली की रीतही जाते. संकेत टिकायला शेजार लागतो. गरुडाच्या नख्यांची परंपरा टिकली ती कदाचित म्हणूनच की ती शिकणे सोपे होते, आणि अवघड काम एकदाच घडले, ब्रुनिकेलला. हा माझा तर्क आहे, परंतु जनुकीय पुराव्याशी तो जुळतो, आणि निअँडरथलची बुद्धी कमी होती असे धरून चालण्याची गरज त्यात पडत नाही.

भारताविषयी आता. भारतात निअँडरथलचा एकही अवशेष सापडलेला नाही. नर्मदाकाठच्या हाथनोरा येथे अरुण सोनकिया यांना १९८२ साली मिळालेली कवटी कोणत्या मानवजातीची यावर मतभेद आहेत, आणि तिच्याबरोबर प्रतीकात्मक म्हणता येईल असे काही नाही. भीमबेटका आणि दराकी-चट्टान येथील खडकात कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांना काही अभ्यासक लक्षावधी वर्षे मागे नेतात. ते मानवनिर्मित आहेत, पण त्या वयाला आधार देणारे थेट कालमापन माझ्या समाधानाइतके नाही. निःसंशय पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे, तोही होमो सेपियन्सचा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साली यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा मिळाला. समांतर रेषांच्या मध्ये तिरक्या रेषांची जाळी, वय सुमारे २५,००० वर्षे. दख्खनमध्ये तेव्हा शहामृग वावरत होते हे आज ऐकायला नवल वाटते. भारतात इतरत्र मिळालेल्या अशा कवचांवरील पुष्कळ 'कोरीव' रेषा सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींच्या मुळांनी आणि मातीतल्या आम्लाने पडलेल्या निघाल्या; मुळाने खाल्लेली रेष गोलसर तळाची आणि वळणाची असते, दगडी टोकाने ओढलेली धारदार आणि आत बारीक समांतर ओरखडे असलेली. पाटण्याचा तुकडा या कसोटीला उतरतो. पण तो एकटा आहे, आणि डीपक्लूफच्या २७० तुकड्यांशेजारी ठेवला की त्याचे एकटेपण लगेच जाणवते. त्याला जोड शोधायची असेल, तर मी नव्या उत्खननाच्या आधी विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या भांडारात जाईन. जुन्या उत्खननांतील कवचांचे, शंखांचे आणि गेरूचे तुकडे तिथे पिशव्यांत आहेत, त्यांतील बहुतेक एकदाही सूक्ष्मदर्शकाखाली गेलेले नाहीत, आणि प्रत्येक पिशवीवर थराची चिठ्ठी शाबूत आहे की नाही हे पाहण्यापासून ते काम सुरू करावे लागेल.